मी पंचावन्न दाखवले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. रावेरजवळच्या एका गावात राहतो. मी कधी खोटं वजन दाखवलं नाही. तरीही माझ्या खऱ्या आकड्यापायी एका मुलीचा जीव जाणार होता. तो धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही.

बावीस वर्षं मी केळीच्या पॅकिंग हाऊसमध्ये होतो. पाट्यावर घड ठेवला की माझी दांडी हलायची आणि योग्य आकड्यावर स्थिर व्हायची. लोक म्हणायचे, "या काट्याचा शब्द म्हणजे शब्द." मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. मला भिंतीशी सरकवलं आणि माझ्यावर रिकामे क्रेट रचले. तिथून मला जीवराम नानांनी उचललं. ते दिवसा घड भरायचे आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवायचे. मैदानावर आलो तेव्हा मला फार आनंद झाला होता.

गेल्या एप्रिलमध्ये पंचावन्न किलो वजनी गटाचे सामने होते. पुनम ही संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू. सामन्याच्या तीन दिवस आधी मी तिचं वजन सत्तावन्न दाखवलं.

"दोन किलो जास्त भरली तू," नाना म्हणाले. "सामन्यापर्यंत पानी बंद."

"नाना, जेवू तरी का?"

"अर्धी भाकर. अन् पिशवी घाल."

झाडावरच्या घडाला घालतात ती प्लास्टिकची पिशवी. तिला मान आणि हातांपुरती भोकं पाडून पुनमने ती जर्सीच्या आत घातली. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात ती मैदानाला फेऱ्या मारू लागली.

"ए पुनम, तुले आता पिकवाले ठेवू का व?" मैत्रिणी ओरडल्या. पुनमही हसली. पिशवीच्या कडेने घाम ठिबकत होता.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा पाट्यावर उभी राहिली. मी बरोबर पंचावन्न दाखवले. टाळ्या वाजल्या. पुनम खाली उतरली, चार पावलं चालली आणि कोसळली. डोळे उघडे होते, पण समोर बसलेली आई तिला ओळखू येईना.

"माय व माय! काय झालं माह्या पोरीले?" सुंदरबाई किंचाळल्या.

तिला दवाखान्यात नेलं. अंगातलं पाणी इतकं घटलं होतं की मूत्रपिंडं बंद पडू लागली होती. तासभर उशीर झाला असता तर ती वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. आता पुनम पुन्हा खेळेल का, हे कुणालाच सांगता येईना. मैदानावर मी एकटा उरलो. आकडा तर खरा होता. मग हे झालं कसं?

आठ दिवसांनी सविता आली. ती याच गावची. जळगावला राहून खेळाडूंवर उन्हाचा काय परिणाम होतो याचं संशोधन करते. ती नानांवर रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "नाना, कापलेला घड दुपारभर उन्हात राहिला तर काटा काय दाखवतो?"

"कमी दाखवतो. पानी उडतं केयीचं. म्हनून तर सावलीत ठेवतो आपन."

"मग घडाची चरबी घटली, असं म्हणतो का आपण?"

नाना हसायला गेले आणि मध्येच थांबले. 

"अरे देवा! केयीले सावली देली मी. अन् पोरीले?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच माझ्यावर साचलेली धूळ पुसायला आले.

मग दोन महिने सविताने माझ्याकडून वेगळंच काम घेतलं. सरावाआधी प्रत्येकीचं वजन करायचं. सराव झाला की घाम पुसून, तेच कपडे घालून पुन्हा करायचं. प्यायलेलं पाणी मोजायचं, हवेचं तापमान लिहायचं. एका मुलीचं वजन दीड तासात सव्वा किलो उतरलं. त्या दिवशी शिट्टी वाजल्यावर तिचं पाऊल नेहमीपेक्षा उशिरा उचललं गेलं. मला हादराच बसला. इतकी वर्षं मी वजन दाखवत होतो, पण त्यातलं पाणी किती, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

सराव पहाटे हलवला. दर पंधरा मिनिटांनी पाणी मिळू लागलं. सविताची वही घेऊन नाना स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे गेले. मंडळाने पंचावन्नच्या वरच्या मुलींसाठी दुसरा गट काढला. वजनामुळे कायम बाहेर बसणाऱ्या चार मुली त्यामुळे मैदानात आल्या.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुनमला हलक्या सरावाची परवानगी दिली. ती आली, पाट्यावर चढली आणि थरथरू लागली. तिच्यासोबत माझी दांडीही थरथरत राहिली. कुठल्याच आकड्यावर ती थांबेना.

"उतर पोरी," नाना हळूच म्हणाले. "आज वजन नको. पानी पे अन् खेळ."

पुनम पाणी पिऊन मैदानात गेली. सविताने वहीत वजनाच्या रकान्यात आकडा लिहिला नाही. तिने लिहिलं, 'भीती वाटते.'

मित्रांनो, माझ्यासारख्या काट्यावर उभे राहाल तेव्हा आकड्यावर समाधान मानू नका. तो आकडा कसा आला, हे विचारा. आणि कुणी तहानलेलं उभं असेल, तर आधी त्याला पाणी द्या. मला थांबवून ठेवा, मी कितीही वेळ थांबेन.