साडेआठ सामन्यांची आघाडी

खोलीत सहा खुर्च्या होत्या, सहा यंत्रं, दोन टीव्ही आणि दाराजवळ जमिनीत बसवलेला एक वजनकाटा. त्या संध्याकाळी पाच खुर्च्या भरलेल्या होत्या. पाचही जणांचं रक्त नळीवाटे यंत्रात जाऊन, गाळून परत अंगात येत होतं. त्यातले चौघं टीव्हीकडे बघत एकाच माणसाला शिव्या देत होते. पाचवा, एमिल हॅवलिक, कागदी पेल्यातला बर्फाचा खडा तोंडात घोळवत गप्प बसला होता.

"याच्या हातात चेंडू दिला कुणी?" ड्यूई प्रुइट म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा. "माझ्या बसमधली दुसरीतली पोरं केळ्याची सालं याच्यापेक्षा सरळ फेकतात."

"हात हलवू नकोस. सुई आहे त्यात," नर्स लॉरेटा म्हणाली.

"मला कशाला सांगतेस? त्या पिचरच्या हाताचं बघ काहीतरी."

"अरे, त्याला कशाला बोलतोस," पलीकडून मिसेस टेडेस्को म्हणाल्या. "त्याला पाठवणारा तो मॅनेजर बघ. चघळतोय कसा. घर जळतंय आणि हा बाई शेंगा खातोय."

टीव्हीवर आमच्या गावच्या बेसबॉल टीमच्या, हेरन्सच्या, पिचरनं टाकलेला चेंडू समोरच्यानं भिंतीपलीकडे फटकावला. लॉरेटानं एमिलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "आता आघाडी किती उरली?"

"साडेतीन सामन्यांची," मी म्हणाले.

मी त्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ म्हणून लागले होते. यंत्रांचं पाणी तपासायचं, गाळण्या बसवायच्या आणि प्रत्येकाचं वजन लिहायचं, हे माझं काम. येताना वजन, जाताना वजन. दोन दिवसांत अंगात साठलेलं पाणी यंत्र काढून घेतं, त्यामुळे माणूस येतो त्यापेक्षा दोन-तीन किलोंनी हलका होऊन जातो. आमचा काटा किलोमध्ये होता. बाहेर सगळा देश पौंडात जगतो, म्हणून मिसेस टेडेस्को काट्यावर चढताना दर वेळी म्हणायच्या, "चला, बारीक होऊन घेते."

लॉरेटा बँक्स तिथं सव्वीस वर्षं नर्स होती. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. टीव्हीचा आवाज कमी करणं एवढाच तिचा त्या खेळाशी संबंध. ऑगस्टच्या एका सोमवारी तो बदलला.

त्या सोमवारी एमिलनं तिला शांतपणे सांगितलं होतं, "सीझन संपला की मी यायचा थांबणार."

"कुठं यायचा?"

"इथं."

एमिल एकोणऐंशी वर्षांचा होता. नोकरीभर त्यानं शहरातल्या घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले. बायको गेली होती, मुलगी ॲरिझोनात. चार वर्षं तो आठवड्यातून तीनदा चार-चार तास आमच्या खुर्चीत बसत होता. डॉक्टर त्याच्याशी बोलले, समुपदेशक बाई दोनदा बोलल्या. मुलगी विमानानं आली, रडली आणि परत गेली. यंत्र सोडलं की माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, हे त्याला माहीत होतं. त्याचं डोकं ठिकाणावर होतं आणि निर्णय घ्यायचा हक्क त्याचाच होता. तो म्हणायचा, "एप्रिलपासून रोज संध्याकाळी काहीतरी असतं. हिवाळ्यात नुसती खुर्ची असते. अजून एक हिवाळा मला नको."

त्या दिवशी हेरन्स दुसऱ्या क्रमांकावरच्या फेरीमेनच्या साडेआठ सामन्यांनी पुढे होते; एका टीमचा एखादा सामना कमी झालेला असला की तो अर्धा मोजतात. लॉरेटानं मला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, हा सीझन संपतो कधी?"

मी तिला सांगितलं. हेरन्स पहिले राहिले तर ऑक्टोबरचे बाद फेरीचे सामने खेळतील, आणि शेवटपर्यंत टिकले तर जवळजवळ नोव्हेंबर उजाडेल. नाही राहिले, तर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळं संपेल.

"म्हणजे पाच आठवड्यांचा फरक."

"हो. पण साडेआठ सामन्यांची आघाडी सहसा जात नाही."

"पाच आठवड्यांत माणसाचं मन दहा वेळा बदलतं," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग सप्टेंबर आला आणि हेरन्स हरू लागले. ते सुरुवातीला हरत नसत, हा खरा त्रास होता. आमची पाळी साडेआठला संपायची. तोवर नऊपैकी पाच-सहा डाव झालेले असायचे आणि हेरन्स पुढे असायचे. सुया निघायच्या, पट्ट्या बांधल्या जायच्या, माणसं वजन करून खुशीत घरी जायची. मग शेवटच्या तीन डावांत त्यांचे पिचर एकामागून एक कोसळायचे. लॉरेटा गाडीतला रेडिओ लावून वाहनतळावरच बसायला लागली. मी बाहेर पडले की तिच्या काचेवर टकटक करायचे. ती काच न उतरवता नुसती मान हलवायची.

गावभर तीच तगमग. न्हाव्याच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, चर्चच्या पायऱ्यांवर लोक त्या पिचरांची नावं थुंकल्यासारखी उच्चारत. ड्यूईनं बसच्या मागच्या खिडकीतला हेरन्सचा झेंडा उलटा टांगला, शाळेनं तो काढायला लावला. मिसेस टेडेस्कोंनी एका सामन्याला मुद्दाम पाठ केली, कारण त्या बघतात तेव्हा हरतात असं त्यांच्या जावयाचं म्हणणं होतं. हेरन्स तरीही हरले. "बघ," त्या म्हणाल्या, "आता जावयाला कळव. सासू निर्दोष."

एकटा एमिल चिडत नव्हता. पण बर्फाचे खडे तो पूर्वी मोजून तासभर पुरवायचा, ते आता दहा मिनिटांत संपू लागले. त्याला दिवसाला एक लिटरच पाणी चालायचं.

"अजून चार खडे देऊ?" लॉरेटानं विचारलं.

"नियम मोडतेस?"

"तुमची टीम मला वेडं करणार आहे. त्यापुढं चार खडे काय."

शेवटच्या शुक्रवारी आघाडी संपलेली होती. हेरन्स आणि फेरीमेन बरोबरीत आले होते. सुया काढताना लॉरेटा एमिलजवळ बसली. त्याच्या दंडावर कापूस दाबून धरलेला होता, त्यामुळे त्याला उठता येत नव्हतं.

"एमिल, समजा रविवारी हरले. तरी सीझन कुठं संपतो? बाकीच्या टीम खेळतातच की महिनाभर."

"खेळतात."

"मग ते बघा ना इथं बसून."

एमिल हसला. "दुसऱ्यांच्या लग्नात मी किती दिवस जेवत बसू, लॉरेटा?"

"लोक बसतात."

"बसतात. ते तरुण असतात."

तिनं कापूस उचलून बघितला. रक्त थांबलं होतं. तरी तिनं तो परत दाबून धरला.

काट्यावर तो एकाहत्तर किलो दोनशे भरला.

शनिवारी दोन्ही टीम जिंकल्या. रविवारी केंद्र बंद होतं. दुपारी पाचव्या डावात लॉरेटाचा फोन आला. "तीन-एक म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं. आणि फेरीमेन त्यांच्या सामन्यात मागे आहेत."

"किती मागे?"

"दोन."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आठव्या डावात तिचा पुन्हा फोन आला. तेव्हा चार-तीन होतं, आणि चार आमचे नव्हते. तिनं फोन तसाच चालू ठेवला. तिच्या घरातल्या टीव्हीचा आवाज मला ऐकू येत होता आणि माझा बहुधा तिला. नववा डाव आम्ही तसाच ऐकला. हेरन्स हरले, तिकडे फेरीमेन मागून येऊन जिंकले, आणि आमचा सीझन संपला.

सोमवारी दुपारी तिनं मला एमिलचं यंत्र लावायला सांगितलं. मी नवीन गाळणी बसवली, नळ्या सलाइननं भरल्या, बुडबुडे काढले. लॉरेटानं त्याच्या खुर्चीवर घडी केलेली चादर ठेवली.

साडेचारला तो आला. इस्त्रीचा शर्ट, टाय आणि हातात बेकरीचा खोका. खोका टेबलावर ठेवून तो सवयीनं काट्यावर उभा राहिला. मी आकडा लिहिला आणि तो खाली उतरला. चादरीकडे त्यानं बघितलं, पण खुर्चीत बसला नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी एक स्टूल होतं, त्यावर बसला.

"खसखशीचे रोल आहेत," तो मिसेस टेडेस्कोंकडे वळून म्हणाला. "रोझमेरी, तुला चालतात का कोण जाणे."

"नाही चालत," मिसेस टेडेस्को म्हणाल्या. "आण इकडं." मग रोल घेत म्हणाल्या, "तो मॅनेजर अजून नोकरीवर आहे म्हणे. आणि तू चाललास. काय न्याय आहे."

"त्याचा करार दोन वर्षांचा आहे," एमिल म्हणाला.

ड्यूईनं सुई नसलेला हात पुढे केला. एमिलनं तो हातात घेतला आणि दोघं बराच वेळ पिचरांबद्दल बोलले. पुढच्या वर्षी कुणाला ठेवावं, कुणाला विकावं. डावखुऱ्याला ठेवावं यावर त्यांचं एकमत झालं.

"यंत्र तयार आहे," लॉरेटा म्हणाली.

"दिसतंय मला."

"मी नुसतं सांगतेय."

"घरी नर्स येणार आहे उद्यापासून. बरी वाटली फोनवर. तुझ्याएवढी भांडकुदळ नाही." त्यानं टाय सैल केला. "इतकी वर्षं लोकांच्या तळघरात मीटर वाचले. कुणी कॉफी विचारायचं, कुणी सरबत. मी नाही म्हणायचो. एका घरी घेतलं की गल्लीभर घ्यावं लागतं. लॉरेटा, पाणी मिळेल? बर्फ नको. पाणी."

ती आमच्या विश्रांतीच्या खोलीत गेली. तिथं कुणीतरी मैदानावरून आणलेला हेरन्सचा मोठा प्लास्टिकचा पेला होता, त्यात आम्ही चमचे ठेवायचो. चमचे ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा. बराच वेळ नळाचा. ती आली तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता.

एमिलनं तो तोंडाला लावला आणि खाली न ठेवता प्यायला. त्याच्या गळ्याची हालचाल आम्ही सगळे बघत होतो. टीव्ही चालू होता, त्यावर हवामान सांगत होते. शेवटचा घोट त्यानं थोडा वेळ तोंडात ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला.

लॉरेटानं पेला घेतला. त्यानं तिचा खांदा थोपटला, बाकीच्यांकडे बघून मान डोलावली आणि दाराकडे निघाला. दाराशी काट्यापुढे तो थबकला आणि मग वर चढून उभा राहिला. लॉरेटा त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"लिही, पोरी," ती मला म्हणाली.

येताना चौऱ्याहत्तर किलो आठशे. जाताना पंच्याहत्तर किलो तीनशे.