शेठजींच्या घरची तार

केशरीचंद दुकानाची शेवटची फळी लावत होते, तेवढ्यात डोक्यावरचा बंद बल्ब लालसर पेटला.

फळी हातातच राहिली. पर्युषणाचा पहिला दिवस, सूर्य नुकताच बुडालेला, आणि त्यांचं इंजिन सकाळपासून थंड पडलेलं. किन्हीराजा गावच्या बाजारगल्लीला गेली कित्येक वर्षं तेच आपल्या इंजिनावरून वीज पुरवत होते. सरकारी लाईन यायची तेव्हा येईल, तोवर शेठजींचा दिवा तो गावाचा दिवा. मात्र पर्युषणात इंजिन बंद म्हणजे बंद. दिव्यावर किडे झेपावतात, मरतात. ते पाप त्यांना डोक्यावर नको होतं. तेवढे आठ दिवस गल्ली मुकाट्यानं कंदील पुसायला घ्यायची. न घेऊन सांगते कुणाला? वीज देणारा दुसरा होताच कोण!

या वर्षी होता. तांड्यावरच्या गोविंदसिंगनं ऊसतोडीची मुकादमी करून जुनं इंजिन आणलं आणि सरळ दुकानात येऊन तो म्हणाला होता,

"शेठजी, तुमचे आठ दिवस मी सांभाळतो. फक्त तुमच्या खांबावरून माही तार जाऊ द्या."

"खांब माहे हायेत, गोविंदसिंग."

"तं मी माहे गाडतो."

आणि पठ्ठ्यानं गाडलेसुद्धा. गल्लीच्या पलीकडच्या अंगाला सागाचे खांब उभे राहिले, आणि निम्म्या दुकानदारांनी आठ दिवसांपुरती म्हणून त्याची तार घेतली. नवव्या दिवशी ही मंडळी परत येतील का, या घोरानं केशरीचंदांची झोप उडाली होती. यंदा इंजिन चालूच ठेवावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की ते मंदिरातून लवकर उठलेच नाहीत.

आता त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच बंद तारेवर बल्ब पेटत होता. मारुतीच्या पाराकडून गोविंदसिंगच्या इंजिनाची धकधक ऐकू येत होती. ती जसजशी वाढत होती, तसतसा बल्ब लालाचा पिवळा होत चालला होता. कुणीतरी घरात दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या होत्या. त्या घरातून गोविंदसिंगची वीज उलटी फिरून त्यांच्या सगळ्या खांबांवर चढली होती.

खांबांवर! लखमा वर होता.

लखमा त्यांच्या इंजिनावरचा माणूस. वर्षाकाठी तारेला निर्धास्त हात लावायचे दिवस म्हणजे हेच, म्हणून दर पर्युषणात तो खांबाखांबावर चढून डागडुजी करायचा. केशरीचंदांनी फळी टाकली आणि ते धावत सुटले.

"लखमा! तारेले हात लावू नोको!"

कोपऱ्यावरच्या खांबाच्या शेंड्याशी लखमा दोराला टेकून बसला होता. त्याचं डोकं दोन तारांच्या मधे होतं. नुकतंच काम संपवून तो कमरेच्या फडक्याला हात पुसत होता.

"काहून, शेठजी? इंजिन तं बंद हाय."

"तार चालू हाय! हालू नोको. मान बी वळवू नोको!"

दोन्ही हात छातीशी घेऊन लखमा तसाच थिजला. खाली यायचं तर तारांमधून डोकं काढायला हवं होतं, आणि दोराला टेकून असं किती वेळ राहता येतं, हे केशरीचंदांना ठाऊक होतं. ते पाराकडे पळाले. आयुष्यात ते असे कधी पळाले नव्हते.

गोविंदसिंगच्या टिनाच्या शेडपुढे ही गर्दी. आज त्याचा पहिला दिवस, हातात नारळ, दाराला आंब्याची पानं.

"मेन पाड, गोविंदसिंग! इंजिन बंद कर!"

लोक वळले. गोविंदसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"पहिल्याच दिवशी, शेठजी? आठ दिवस बी दम नाही निघत का?"

"माह्या तारेत तुही वीज आली. लखमा खांबावर हाय."

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हे तं निमित्त हाय." गोविंदसिंगनं ते ऐकलं. तो केशरीचंदांकडे पाहत राहिला. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती, ती वाटेत कुठं पडली हे त्यांनाही कळलं नव्हतं. शेठजींना बोडक्या डोक्यानं गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. गोविंदसिंगनं नारळ खाली ठेवला, आत गेला आणि मेन खाली ओढला.

गल्ली अंधारात बुडाली.

लखमाला उतरवून घेतलं तेव्हा तो खांबाच्या बुडाशीच बसला. ते पाहून केशरीचंदांचा इतका वेळ दाबलेला संताप उसळला. सगळ्या गल्लीसमोर, आवाज चढवून ते म्हणाले,

"ज्यानं हे दोन वायर जोडले, त्याच्या घरी माह्या इंजिनाचा दिवा परत लागनार नाही. कोनी बी असो. महावीरस्वामीची आन!"

कंदिलाच्या उजेडात दुकानदार एकमेकांकडे पाहू लागले.

सकाळी दोन्ही इंजिनं बंद असतानाच शोध सुरू झाला. पुढे लखमा, मागे केशरीचंद आणि गोविंदसिंग, आणि त्यांच्यामागे निम्मा गाव. एकेका घरात शिरून लखमा तार बोटानं चाचपत जाई. कापडवाल्याकडे जुनी तार नीट तोडलेली होती. सोनाराकडेही तेच. गल्ली संपत आली तशी केशरीचंदांची चाल मंदावली. खस्ता खाल्लेल्या माणसाला वाईटाचा वास आधी येतो. शेवटच्या घराच्या मागच्या भिंतीतून गोविंदसिंगची नवी तार आत गेली होती, आणि ते घर त्यांचंच होतं.

"तू इथंच थांब," असं गोविंदसिंगला सांगून ते लखमाला घेऊन आत गेले.

मागच्या अंगणात उतरायला पाच-सहा दगडी पायऱ्या होत्या. वरच्या पायरीपाशी बल्ब, आणि त्याच्या मानेशी दोन्ही तारांचा पीळ. खाली त्यांची आई पानाबाई माळ घेऊन बसली होती. दाराआड त्यांची बायको हीराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"देवलाले म्याच बोलावलं," ती खाली मान घालून म्हणाली. देवला म्हणजे गोविंदसिंगचा तारा ओढणारा. "जुनी तार तोडू नोको म्हनलं त्याले. आठ दिवसानं आपलं इंजिन चालू होईन, तवा आपलीच लागन ना."

"तिले काही बोलू नोको," पानाबाई म्हणाली. गेल्या पर्युषणात अंधारात याच पायऱ्यांवरून ती पडली होती. तिचं तेव्हापासून वाकडं राहिलेलं मनगट माळेवर तसंच होतं. "मी सांगतलं. किड्याईचं पाप लागलं तं मले लागन."

"मले सांगतलं असतं, आई."

"सांगतलं असतं तं तू काय केलं असतं?"

बाहेर लोकांची कुजबुज वाढत होती. रात्रीची शपथ सगळ्यांनी ऐकली होती, आणि हे घरही सगळ्यांना दिसत होतं. केशरीचंद पायरीवर टेकले आणि आईचा वाकडा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. मग उठून त्यांनी अंगणाचं मागचं दार सताड उघडलं, बाहेरच्या सगळ्यांना पीळ दिसेल असं.

"माह्याच घरचं निंघालं, गोविंदसिंग," ते म्हणाले.

लखमानं पक्कड काढली, पीळ सोडवला आणि दोन तारा दोन हातांत धरल्या.

"कोनती तोडू, शेठजी?"

"आपली," केशरीचंद म्हणाले. "त्याची राहू दे."