अर्ध्यात ठेवलेली कात्री

आमच्या शिलाईच्या दुकानात एक नियम आहे आणि तो मीच घालून दिलाय. रेशमात कात्री घातली की शेवटापर्यंत थांबायचं नाही, कारण मध्ये थांबलं की कडेला खाच पडते. कापते माझी धाकटी बहीण, शिवते मी, आणि तिचं डोकंही मीच खाते.

तिच्या हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात. औषधं चालू आहेत. पण ठोका चुकला की ती घाबरते आणि घाबरली की छाती आणखी धडधडते. आधी धडधड की आधी भीती, ते तिलाही सांगता येत नाही. काम करायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत माझी होती. कापायला दुसरं कुणी ठेवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

त्या दुपारी एक गायिका कार्यक्रमासाठी पायघोळ झगा शिवायला आली. रेशीम तिनेच आणलेलं, मोजून मापून, एक वीतही जास्त नाही. धाकटीने तिच्यासमोरच कापायला घेतलं आणि अर्ध्यात तिचा हात थांबला. कात्री बाजूला ठेवून ती स्टुलावर बसली.

मी हातातली शिवण टाकून उठले, पण तोंडाला सवय वाईट. "अगं, मध्येच?"

"मध्येच," ती म्हणाली. "धडधडतंय. बसू दे."

पाय जमिनीला टेकवून, मनगटावर बोटं ठेवून ती सावकाश श्वास सोडत राहिली. गायिकेने पर्समधून गोळी काढली. "ही घ्या. गाण्याआधी मी हीच घेते, लगेच शांत वाटतं."

मी पाण्याचा पेला पुढे केलासुद्धा.

"पाणी दे, गोळी नको," धाकटी म्हणाली. "माझ्या औषधांबरोबर चालते का, ते विचारल्याशिवाय नाही घेणार. ताई, मला चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर लगेच अँब्युलन्स बोलव. आणि तोंड जरा सरळ कर, तुझ्याकडे बघूनच भीती वाटतेय."

मला हसूही आलं आणि रडूही.

हळूहळू तिचे खांदे सैल झाले. मग तिने स्वतःच दवाखान्यात फोन लावून सगळं सांगितलं, गोळीचंही विचारलं. गोळी अजिबात घेऊ नका, आज काम पुरे, सकाळी तपासायला या, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी ती तपासून घेऊन आली आणि जिथे थांबली होती तिथूनच तिने पुढे कापलं.

झगा न्यायला आली तेव्हा गायिकेने आतून शिवणीवर बोट फिरवलं. "इथे खाच आहे का?"

"आहे ना," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "तिथे आमच्या कटिंग मास्तर थांबल्या होत्या. त्यांना कधी थांबायचं ते कळतं."

धाकटीने कापडावरून मान वर केली नाही. "आणि तो दुसरा कापणारा कधी येतोय, ताई?"

"कुठे बसवू त्याला?" मी म्हणाले. "टेबल एकच आहे, आणि ते तुझं आहे."