मिरचीच्या आधीचं जेवण

नंदकुमारांनी वरणातली अख्खी पिंपळी दोन बोटांत धरून उचलली, उजेडाकडे नेऊन पाहिली आणि ताटाच्या कडेला निजवली.

"ही खायची की जपून ठेवायची?"

"बाजूला काढा," जयमालाबाई म्हणाल्या. "मिरची यायच्या आधी आपल्याकडे तिखटाला हीच घालायचे. मिरची, बटाटा, टोमॅटो, सगळी मंडळी जहाजातून आलेली."

जहाजातून आलेल्या मालाबद्दल नंदकुमारांना कोणी शिकवायला नको होतं. जासईच्या कंटेनर यार्डात त्यांची नोकरी झाली होती. पेटी उतरली की तिच्याभोवती फिरायचं. पोचा, गंज, तुटकं सील दिसलं तर लिहायचं. धड आलेल्या पेटीबद्दल कोणी काही लिहीत नसतं. ती सवय ते रोज रिकाम्या डब्याबरोबर नेरूळच्या या फ्लॅटमध्ये घेऊन यायचे. ते निवृत्त झाले, सवय झाली नाही. पोळी मागच्या खेपेला मऊ होती. वांगी बरी आहेत, पण संक्रांतीच्या वांग्यांची सर नाही. जे जमलेलं असे ते मुकाट्याने खाऊन वर पुन्हा मागून घ्यायचे, आणि पुन्हा मागणं हीच पोचपावती, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

दिवाळीत जयमालाबाईंना ताप आला. तो उतरला आणि त्यांना इतिहासाचं वेड लागलं. वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आली, मोबाइलवर कुणाकुणाची व्याख्यानं सुरू झाली, आणि घरात मिरचीच्या आधीचा काळ अवतरला. सुरणाला मिरपूड, कुळथाला पिंपळी, मधात शिजवलेलं काहीतरी. भरली वांगी, अळूचं फदफदं, कटाची आमटी, ज्यांवर या घराचं नाव चालत होतं ते सगळे पदार्थ गुपचूप रजेवर गेले.

"कशी झालीय?" त्या विचारायच्या.

"मला काय ठाऊक? त्या काळी मी नव्हतो."

हे ऐकून त्या चिडायच्या नाहीत. उलट चेहरा सैल पडायचा. नंदकुमारांना वाटायचं, आपला विनोद आवडतो.

होळीला मात्र ऋषीने करंजाड्याहून फोन करून सांगितलं, "आई, प्लीज, इतिहास नको. पुरणपोळी आणि कटाची आमटी. मनस्वी लग्नानंतर पहिल्यांदा खाणारे, मी तिला केव्हाची सांगतोय." जयमालाबाईंनी मांडे सुचवून पाहिले, खीर सुचवून पाहिली. ऋषी हटला नाही. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

होळीच्या दुपारी नंदकुमार चहाची चौकशी करायला स्वयंपाकघराशी आले आणि दारातच थबकले. आत करपल्याचा वास भरला होता. मागच्या शेगडीवर दूध आटून पातेल्याला लागलं होतं. त्याच्यापासून हातभर अंतरावर जयमालाबाई आमटीच्या उकळीकडे पाहत, मिठाचा चमचा हातात धरून शांत उभ्या होत्या.

नंदकुमारांनी पुढे होऊन गॅस बंद केला. त्या दचकल्या. भरलेला चमचा तसाच बरणीत गेला आणि त्या पातेलं उचलायला धावल्या.

"लक्षच नव्हतं माझं," त्या म्हणाल्या.

खिडकी सताड उघडी होती. खाडीकाठच्या सारसोळ्याकडून वाऱ्याबरोबर वाळत्या सुकटीचा वास थेट आत येत होता. फलटणच्या या बाईने इतकी वर्षं तो वास आला की तावदान दाणकन लावलं होतं. "आली तुमची खाडी," असं म्हणायच्या, जणू खाडी नंदकुमारांच्या माहेरची. यंदा हिवाळाभर खिडकी उघडी होती. नंदकुमारांनी ते पाहिलं होतं, पण बिघडलेलं काही नव्हतं, म्हणून नोंद केली नव्हती.

आता दिवाळीतल्या तापापासूनची सगळी खेप एकदम उलगडली. जो पदार्थ घरात कोणी पूर्वी खाल्लेलाच नाही, तो चुकला हे कोण सांगणार? मागच्या खेपेशी तुलना करणाऱ्या नवऱ्यापासून लपायला बाई थेट मिरचीच्या आधीच्या काळात जाऊन राहिली होती.

"मी जरा चाखून बघू?" त्यांनी हळूच विचारलं.

"नैवेद्य व्हायचाय अजून. मी तरी कधी चाखलंय आधी?"

खरं होतं. सणाचं जेवण त्या जिभेला न लावता करायच्या; उकळीचा वास आला की मीठ पडलंय की राहिलंय ते त्यांना कळायचं. आणखी काही बोलायला हवं होतं. नंदकुमारांनी चहाही मागितला नाही. ते बाहेर जाऊन बसले.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात होळीला नैवेद्य दाखवून झाला. चौघं जेवायला बसली. जयमालाबाईंनी रीतीप्रमाणे प्रत्येक ताटात आधी कोपऱ्यात मीठ वाढलं, मग बाकीचं. नंदकुमारांच्या ताटातलं मीठ आजवर उठताना जसंच्या तसं असायचं.

"आधी बाबांचा रिपोर्ट," ऋषी मनस्वीला म्हणाला. "तोवर कुणी काही बोलायचं नाही."

नंदकुमारांनी आमटीची वाटी तोंडाला लावली. गूळ होता, चिंच होती, गोडा मसाला होता. मीठ नव्हतं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. बोटांनी कोपऱ्यातलं मीठ उचललं, भातावर आमटी ओतली आणि घाईने कालवलं. ऋषीने घास घेतला, कपाळाला आठी घातली, तोंड उघडलं. नंदकुमारांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते पोळीने भरलं. मनस्वी मान खाली घालून जेवत राहिली.

"कशी झालीय?" जयमालाबाईंनी विचारलं. हातातला वाढायचा डाव हवेतच होता.

"छान झालीय," नंदकुमार म्हणाले. "नेहमीसारखी. तुझी आमटी नेहमीच छान होते."

शब्द तोंडातून सुटले, आणि ते किती उशिरा आणि कुठल्या आमटीवर खर्ची पडले, हे त्यांना तेव्हाच कळलं. इतकी वर्षं, चोख आमटीला ते कुठे होते?

जयमालाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग नजर ताटावर उतरली. मिठाच्या कोपऱ्यात नुसता ओलसर डाग होता.

त्यांनी डाव ठेवला. आतून मिठाची बरणी आणली, आधी मनस्वीला वाढलं, मग ऋषीला, मग नंदकुमारांना, जरा जास्तच. त्या आपल्या ताटावर बसल्या, भात कालवला, एक घास खाल्ला.

"अहो," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "खाडीचा वास येतोय का?"

नंदकुमारांनी खिडकीकडे तोंड करून श्वास ओढून घेतला. नीट, सावकाश, पूर्वी पेटीभोवती फिरत तसा.

"येतोय."

"मग लावा ना खिडकी."

ते उष्ट्या हातानेच उठले.