हवालदाराची तडीपारी

मुंजाजीच्या लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेली गाठ दिसली आणि सोनपेठात संशयित एकच निघाला: त्याचा कुत्रा, हवालदार.

तसं नांदेडच्या डॉक्टर निकितानं सगळं नीट सांगितलं होतं. “काका, अशी गाठ कुत्र्याच्या पोटातल्या जंतांमुळे होते. पण दोन वर्षांपूर्वी तुमच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढलाय. तो लिव्हरमध्ये उतरला तर बहुधा भरीव गाठी येतात. क्वचित अशी पाण्याचीही. रक्त तपासलं, ते काही कबूल करेना. सुई टोचायची नाही, आतलं सांडलं तर पसरेल. लिव्हरच्या तुकड्यासकट अख्खी काढू, मग कळेल.”

मुंजाजीच्या बायकोनं, कडूबाईनं, यातलं पहिलं वाक्य तेवढं पदरात बांधलं. कुत्रा दोषी, म्हणजे कॅन्सर परतलेला नाही! हवालदारावर गुन्हा शाबीत व्हावा म्हणून तिनं मारुतीला नवस बोलला आणि आरोपीला जीपमध्ये घालून चुडाव्याला नणंदेकडे, धुरपताबाईकडे, तडीपार केलं.

“अगं, त्यानं आजवर मला चाटलंसुद्धा न्हाई,” मुंजाजी म्हणाला. “लय गर्विष्ठ हाय.”

“तुमी गप बसा. कुत्रा सुटला तर तुमी अडकताव, कळतंय का?”

कळत होतं. म्हणून तर ऑपरेशनला आत नेताना मुंजाजी छताकडं बघून पुटपुटला, “हवालदारा, माफ कर. तूच केलं असशील, बाबा.”

रिपोर्ट आला तेव्हा कडूबाईनं डॉक्टरला दारातच विचारलं, “कुत्राच ना, बाई?”

“नाही, मावशी. आतड्याचाच कॅन्सर. पण चारी बाजूंनी निरोगी भागाची कड ठेवून पूर्ण निघालाय. उरलेलं लिव्हर स्वच्छ आहे, ते वाढेलही. तपासणीला मात्र येत राहायचं.”

मुंजाजी टाके धरून हसायला लागला. “म्हंजे हवालदार सुटला!”

“अवं, कॅन्सर म्हणायल्यात त्या!”

“निघाला म्हणायल्यात! तू कवाबी पहिलंच वाक्य ऐकतीस.”

परतताना चुडाव्याला जीप थांबली. हवालदार रुसलेल्या जावयासारखा पाठ करून बसला होता. कडूबाईनं रीतसर त्याच्या पाठीवर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली. “चुकलं माझं, साहेब. चला आता.”

हवालदारानं कान हलवून टोपी पाडली.

“नारळ राह्यलाय, वैनी,” धुरपताबाई गंभीरपणे म्हणाली.

नारळ फुटला. मानाचं खोबरं तोंडात धरून हवालदार उठला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसला. मुंजाजी टाके सांभाळत, हसत हसत मागं चढला.