चुकीच्या जागची झांज

माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, फ्रेमा आणि नंबर तपासायची खुर्ची. मागे एक खोली, तिथे मी काचा घासते आणि माझा धाकटा भाऊ एका जुनाट कॉम्प्युटरवर संगीत करतो. कॉम्प्युटर आमच्या शाळेच्या दिवसांतला. कीबोर्डच्याच पोटात सगळी यंत्रं, आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. त्या काळी मुलं त्यावर खेळ खेळायची. धाकट्याने खेळ कधीच सोडले, पण आतली आवाजाची चिप काही सोडवेना. वेडाला औषध नसतं म्हणून मी गप्प बसले आणि त्याला एक जास्तीचा प्लग काढून दिला.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लिफ्टच्या डोक्यावर उभा असतो, तिथे बोलायला कुणी नसतं, आणि त्याची काही तक्रारही नसते. त्याचं लग्न झालं होतं. त्या दोघांचं एकदाही भांडण झालं नाही. एके दिवशी ती ‘येते’ म्हणाली आणि गेली. तेव्हापासून तो माझ्याकडेच राहतो. माझ्याशी तो भाजीत मीठ कमी आहे की जास्त, एवढंच बोलतो. बाकीचं सगळं बोलणं त्याने ठोक्यासाठी राखून ठेवलेलं असायचं.

ठोक्या म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. हाताशी येईल त्यावर ताल धरायचा, म्हणून हे नाव. बाक, डबा, मास्तरांचं टेबल, काही म्हणता काही सोडलं नाही. मोठा होऊन दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायला लागला, पण बोटं शांत बसली नाहीत. दोघं मिळून संगीत करायचे. चाल धाकट्याची, ताल ठोक्याचा.

आता यातली अडचण सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. त्या चिपला तीन आवाज. तीनच. आणि एक आवाज एका वेळी एकच सूर वाजवतो. एक आवाज धाकट्याच्या चालीला गेला, दुसरा ठोक्याच्या ढोलाला गेला, की तिसरा उरतो. तो कुणाचा, यावर ते दोघं केस पांढरे होईपर्यंत भांडले.

“इथे मला झांज हवीये.”

“इथे माझा जोडसूर आहे. हात लावायचा नाही.”

“तुझा जोडसूर ऐकायला कुत्रं तरी थांबतं का?”

“तुझी झांज ऐकून ते पळतं, त्याचं काय?”

मी पुढे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून म्हणत असायची, “तिसरी ओळ वाचा.” मागून ठोक्या ओरडायचा, “गाढवा, अर्धी मात्रा तरी दे!” गिऱ्हाईक दचकून चौथी ओळ वाचायचं. पण शेवटी काहीतरी तोडगा निघायचा. तिसऱ्या आवाजात अर्धी मात्रा झांज, लगेच जोडसूर, पुन्हा झांज, असं ते ठिगळ लावत न्यायचे. गंमत अशी, की ऐकणाऱ्याला वाटायचं, आत अख्खं बँडपथक बसलंय. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ते वाजायला लागलं की माझा घासायचा हात थांबायचा.

मग ती जास्तीची चिप आली.

जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेल्या लोकांची एक टोळी आहे. त्यांच्यातल्या कुणीतरी एक छोटी पट्टी तयार केली, ती आत बसवली की पहिल्या चिपशेजारी दुसरी चिप बसते. म्हणजे तिनाचे सहा आवाज. धाकट्याने दोन पट्ट्या आणल्या, एक आपल्याला, एक ठोक्याच्या घरच्या कॉम्प्युटरला. दोन्ही त्यानेच डाग देऊन बसवल्या. त्या दिवशी दोघं लहान पोरांसारखे हसत होते. मी शिरा केला. ठोक्या म्हणाला, “डावीकडच्या स्पीकरचे तीन तुझे, उजवीकडचे तीन माझे. कुणी कुणाच्यात नाक खुपसायचं नाही.” धाकटा म्हणाला, “कबूल.” हातात हात दिले. मलाही वाटलं, चला, सुटले एकदाचे.

सुटले ते असे सुटले, की ठोक्याचं येणंच बंद झालं. यायचं कशाला? त्याचे तीन त्याच्या घरी. धाकट्याने चाल केली की फ्लॉपी माझ्या काउंटरवर ठेवायची, ठोक्या लॅबमधून जाता जाता उचलणार, आपला ताल लिहून परत ठेवणार. फ्लॉपीच्या सोबत निरोप असायचा, तो मी तोंडी पोचवायचा.

“त्याला सांग ताई, छान झालंय.”

मी आत जाऊन सांगायची. धाकटा मान हलवायचा. “त्यालाही सांग, छान झालंय.”

छान! या दोन माणसांनी जन्मात एकमेकांना छान म्हटलं नव्हतं. ‘कचरा’ हा त्यांच्यातला नेहमीचा शब्द, फारच आवडलं तर ‘बरं’. मी काउंटरवर उभी राहून इकडचं छान तिकडे आणि तिकडचं छान इकडे करत होते. असं गोड बोलणं मी आधी एकदा धाकट्याच्या संसारात ऐकलं होतं. त्याचा शेवट मला माहीत होता.

धाकट्याला म्हटलं, “त्याला बोलव की जेवायला.”

“कशाला? त्याचं त्याचं व्यवस्थित चाललंय.”

“तुझं चाललंय का?”

“मीठ बरोबर आहे आज,” तो म्हणाला.

मला त्या चिपचा इतका राग आला, की एकदा तो कामावर गेलेला असताना मी स्क्रूड्रायव्हर घेऊन झाकण उघडलं. ठरवलं होतं, काढायची आणि गॉगलच्या डबीत लपवायची. आत दोन चिपा शेजारी शेजारी, जुळ्या. जास्तीची कुठली तेच कळेना. चुकून खरी उपटली तर घरात होतं तेही जायचं. झाकण लावून टाकलं.

त्याच आठवड्यात ठोक्या फ्लॉपी ठेवायला आला आणि गेलाच नाही. काउंटरवर बोटांनी ताल धरून उभा राहिला.

“ताई, आमची लॅब दुसरीकडे हलतेय. लांब. रात्रभर गाडीत बसायचं एवढं लांब. मला विचारलंय, येतोस का.”

“मग?”

“मग काय. इथे माझं अडतंय कुणाशी?” असं म्हणून त्याने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आत धाकटा होता, हेडफोन लावून. “त्याला सांगू नकोस. मेळावा होऊ दे, मग बघतो. सध्या हो म्हणायच्या बेतात आहे.”

मेळावा म्हणजे त्या टोळीचा वर्षातून एकदा भरणारा बाजार. टेबल टेनिसचा हॉल, टेबलांवर जुने कॉम्प्युटर, जमिनीवर वायरींची जाळी. प्रत्येकाने आपलं नवं काम वाजवायचं. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शिक्षक. ते भाषण करायचे आणि वायरीत पाय अडकून पडायचे, दोन्ही दरवर्षी. या वर्षी धाकट्याची आणि ठोक्याची सहा आवाजांची पहिली रचना होती. शेवटची फ्लॉपी ठोक्याने माझ्या हातात देताना विचारलं, “तो ऐकेल ना नीट?” मी म्हटलं, “ऐकेल की.” धाकट्याने दोन्ही बाजू जोडल्या, लांबी जुळली का ते तपासलं आणि फ्लॉपी डबीत ठेवली.

हॉलमध्ये धाकटा पहिल्या रांगेत बसला आणि ठोक्या शेवटच्या. मी मधे. अध्यक्ष उठले, भाषण केलं, पडले, आणि रचना सुरू झाली. मोठ्या पडद्यावर सहा पट्ट्या नाचत होत्या, प्रत्येक आवाजाला एक. सुरुवात चांगली होती. चांगली, पण चालीचं आणि तालाचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं. दोघं एकाच रस्त्याने दोन फुटपाथवरून चालल्यासारखं वाटत होतं.

मग सगळं शांत झालं. धाकट्याने तिथे एक हळू तुकडा ठेवला होता, एकटाच. तो मी मागच्या खोलीतून कितीदा तरी ऐकला होता. त्या तुकड्याच्या ऐन मध्यावर झांज वाजली.

नुसती वाजली नाही. कोणीतरी स्वयंपाकघरात ताटांची चळत पाडावी तशी वाजली. मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधेही नाही, कुठेच नाही अशा जागी. लोकांनी माना वळवल्या. पुन्हा वाजली. त्याच भलत्या जागी.

धाकटा उठला. जो माणूस बायको गेली तेव्हा खुर्चीतून उठला नव्हता, तो भरल्या हॉलमध्ये उभा राहून ओरडला, “बंद करा! ठोक्या! हे काय आहे?”

“झांज,” ठोक्या मागून म्हणाला.

“ती कळतेय मला! कुठे वाजतेय ते तुला कळतंय का?”

“चुकीच्या जागी.”

“मग घातलीस कशाला?”

“वाटलं, ऐकशील आणि फोन करशील.” ठोक्याही आता उभा राहिला. “आई-माई काढशील. येऊन दाखव म्हणशील. मी फोन उशाशी घेऊन बसलो होतो, शहाण्या!”

“नाक खुपसायचं नाही असं ठरलं होतं!” धाकट्याचा आवाज चिरकला. “मी तुझ्या बाजूचा स्पीकर बंद ठेवून काम केलं. मी ऐकलंच नाही!”

“काहीच नाही ऐकलंस?”

“काहीच नाही. छान असेल असं वाटलं.”

अध्यक्षांनी चहाचं सुचवलं, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ठोक्या तरातरा पुढे आला आणि त्याने पडद्यावर बोट ठोकलं. सहांतल्या एका पट्टीवर. ती पहिल्यापासून आडवी पडून होती, जराही हलली नव्हती.

“आणि हा? तुझा तिसरा? याच्यात एक सूर नाही. मेलाय का हा?”

धाकटा त्या पट्टीकडे बघत राहिला. “रिकामा ठेवलाय.”

“कशाला?”

“तुला लागला तर.”

“मला? माझे तीन होते की मला!”

“सवय होती,” धाकटा म्हणाला. “तू मागशील असं वाटलं. मागितलाच नाहीस.”

माझे डोळे भरून आले. मी दुसऱ्यांचे डोळे तपासून पोट भरते, स्वतःचे पुसायला हातात लेन्स पुसायचं फडकं होतं, त्यानेच पुसले. ठोक्या तोंड फिरवून उभा होता. त्याची बोटं टेबलावर काही वाजवत नव्हती.

“आता मागून काय उपयोग,” तो म्हणाला. “मी चाललोय. लॅब हलतेय. लांब.”

धाकट्याला हे नवं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तो खाली बसला. मला वाटलं, झालं, आता हा ‘बरं’ म्हणणार. हा तेच म्हणतो. ‘जपून जा’ म्हणणार आणि घरी येऊन मिठाबद्दल बोलणार.

“ती झांज काढल्याशिवाय कुठे जातोस?” धाकटा म्हणाला.

“नाही काढणार.”

“मग जायचं नाही.”

“तू कोण सांगणारा?”

“चाल माझी आहे,” धाकटा ओरडला. “घाण करून पळतोस? आधी निस्तर, मग जा!”

त्यावर ठोक्याने त्याची आई-माई काढली. म्हणजे माझीही. मला इतकं बरं वाटलं, की मी चहा घ्यायला गेले. परत आले तोवर दोघं एकाच कीबोर्डला भिडले होते आणि बाकीच्यांचा कार्यक्रम हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवला होता.

लॅब गेली. ठोक्या गेला नाही. कवळ्या आता माझ्या मागच्या खोलीत सुकतात, काचांच्या शेजारी. डोळे तपासायला आलेली माणसं दातांची मापं देऊन जातात, तेवढाच धंदा. ती रचना अजून पुरी झालेली नाही. ठोक्या अधूनमधून कंटाळतो, कीबोर्ड पुढे ओढतो आणि म्हणतो, “आण, काढून टाकतो एकदाची ती झांज.”

धाकटा त्याचा हात धरतो. “राहू दे,” म्हणतो. “अजून बघू.”