फौजीची स्कूटर, वहिनींची स्कूटर

मित्रांनो, फिकट निळ्या रंगाची, डाव्या कुशीला पोचा पडलेली एक म्हातारी स्कूटर तुमच्याशी बोलते आहे. पहिल्या किकला चालू होण्याची सवय मी केव्हाच सोडली. चार-पाच लाथा खाल्ल्याशिवाय हल्ली मला जागच येत नाही. पण एकदा बोलायला लागले की मला आवरणं कठीण. तेव्हा जरा सावलीत बसा आणि ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारी माझ्याच वळणाच्या दोनशे बहिणी ओळीने उभ्या होत्या. नंबर सोडला तर आम्हाला वेगळं ओळखणं कोणालाच जमलं नसतं. पुढे तीन आठवडे मी दुकानाच्या काचेआड काढले. लोक यायचे, रंगाला नावं ठेवायचे आणि जायचे. मग एक दिवस बारीक केस कापलेला, ताठ पाठीचा एक तरुण आला. त्याने रंगाकडे पाहिलंच नाही. सरळ गुडघ्यावर बसला आणि वाकून माझं इंजिन बघू लागला. मी मनात म्हटलं, हा आपल्याला नीट ठेवणार. तो सैन्यात होता आणि सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणं हेच त्याचं काम होतं. मी त्याला फौजी म्हणते.

आठच दिवसांनी त्याचं लग्न झालं. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला मिस्त्री तिला वहिनी म्हणायचा, म्हणून मीही वहिनीच म्हणू लागले. फौजी रोज सकाळी त्यांना दुकानात सोडायचा. त्या मागे एका बाजूला बसायच्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. वळण आलं की तो हात घट्ट व्हायचा, आणि म्हणून हा पठ्ठ्या मुद्दाम जास्त वळणांचा, लांबचा रस्ता धरायचा. पेट्रोल माझं जळत होतं, पण नव्या जोडप्यापुढे मी काय बोलणार? अकरा आठवडे असे मजेत गेले. मग हुकूम आला, फौजीने मला पुसून कापडाखाली झाकलं आणि तो सीमेवर निघून गेला.

पुढे तो रजेवर यायचा तेव्हा मी रस्त्यावर, आणि गेला की कापडाखाली. दोन रजांच्या मधल्या काळात त्याला मुलगी झाली. ती दिवसभर तुरुतुरु पळायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. खारू तीन वर्षांची झाली आणि फौजीला सगळ्यात लांबची नेमणूक मिळाली. दीड वर्ष, मध्ये रजा नाही.

खारूची शाळा गावाच्या एका टोकाला आणि चष्म्याचं दुकान दुसऱ्या टोकाला. बसच्या भरवशावर राहिलं तर दोन्हीकडे उशीर. महिनाभर धावपळ करून वहिनी टेकीला आल्या. एके सकाळी त्या खाली आल्या, माझ्यावरचं कापड ओढून काढलं आणि मला हाताने ढकलत मिस्त्रीकडे घेऊन गेल्या.

“मिस्त्री, मला ही चालवायला शिकवा.”

“वहिनी, फौजी मला गोळी घालतील.”

“ते फार लांब आहेत. मी इथे जवळ आहे.”

मिस्त्रीने मुकाट्याने किल्ली घेतली. गॅरेजमागच्या मैदानात वहिनी तीन दिवसांत शिकल्या. माझ्या कुशीचा पोचा त्याच तीन दिवसांतला. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही, कारण कापडाखाली गुदमरून बसण्यापेक्षा पोचा परवडला.

वहिनींचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मिस्त्रीने सीटचा फोम कापून ते खाली घेतलं. खारू पुढे उभी राहायची, तिला धरायला त्याने एक आडवी दांडी लावून दिली. मग एकदा वहिनी घराच्या जिन्यावरून पडल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही त्यांना माझा क्लच ओढवेना. मिस्त्रीने लिव्हर वाकवून जवळ आणली, नवी केबल टाकली आणि क्लच लोण्यासारखा मऊ करून दिला. दिसायला मी थोडी विचित्र झाले. पण रोज खारूला शाळेत आणि वहिनींना दुकानात वेळेवर पोचवत होते, आणि तेवढ्याने माझी मान ताठ होती.

फौजीचा आठवड्यातून एकदा फोन यायचा. घरात आवाज नीट येत नसे, म्हणून वहिनी खाली माझ्या शेडमध्ये येऊन बोलायच्या. मी सगळं ऐकायचे. तो विचारायचा, “काय चाललंय?” त्या म्हणायच्या, “सगळं ठीक.” मग त्या विचारायच्या आणि तोही तेच सांगायचा. हात गळ्यात बांधलेला असतानाही वहिनी हसून “सगळं ठीक” म्हणाल्या. मला तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, लांबच्या माणसाला घोर नको, एवढाच दोघांचाही हेतू होता.

दीड वर्षाने फौजी चाळीस दिवसांच्या रजेवर आला. घरात आनंदीआनंद झाला. पण तो शेडमध्ये आला आणि मला पाहून दारातच थबकला. माझ्या कापलेल्या सीटवरून, वाकड्या लिव्हरवरून आणि त्या दांडीवरून त्याने हात फिरवला. मला वाटलं, आता कौतुक होणार. तो मात्र हत्यारांची पेटी आणायला गेला.

दोन दिवस त्याने वहिनींना आणि खारूला रिक्षाने पाठवलं आणि त्या नसताना तो माझ्यावर राबला. नवं उंच सीट, नवी सरळ लिव्हर, कारखान्याच्या मापाने ताणलेला क्लच. दांडी काढून त्याने कोपऱ्यात टाकली आणि मला चकचकीत पॉलिश केलं. वहिनींना अचानक दाखवून खूश करायचं होतं त्याला. सैन्यात गाडी मोडून आली की पुस्तकातल्यासारखी करून परत द्यायची, हेच तो बारा वर्षं करत आला होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घाईत होत्या. मला बघून “अरे वा” म्हणाल्या, जड क्लच दोन्ही हातांनी कसाबसा ओढला आणि तशाच निघाल्या. शाळेच्या फाटकाशी वेग कमी करायला त्यांनी क्लच ओढायला घेतला, तो मनगटाला ओढवेना. पाय टेकायला गेल्या, तो जमिनीला पोचेना. खारूने सवयीने दांडी धरायला हात पुढे केला आणि दांडी तिथे नव्हतीच. आम्ही तिघी आडव्या झालो. खारूच्या हनुवटीला दोन टाके पडले. ते आठवलं की आजही माझ्या अंगातून कळ जाते.

त्या दिवसापासून फौजीने मला हात लावला नाही आणि कोणाशी धड बोललाही नाही. तिसऱ्या दिवशी तो शेडमध्ये येऊन युनिटला फोन करून म्हणाला, “रजा रद्द करून परत हजर व्हायचंय.” अजून चौतीस दिवस बाकी होते. मी हादरले. असा मान खाली घालून तो गेला, तर पुढच्या खेपेला या घरी परत येईल की नाही, याची मला भीती वाटली.

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. तो खोक्यावर बसून बॅगेचा पट्टा शिवत होता.

“निघालात म्हणे.”

“तुमच्या दोघींचं सगळं छान बसलंय. मी मध्ये येऊन मोडतोय. तिथे निदान माझं काम काय, ते मला कळतं.”

“अहो, पण हिचं बिघडलं काय होतं, की दुरुस्त करायला बसलात?”

“सीट कापलेलं, लिव्हर वाकडी. मला वाटलं, मी नसताना कोणी वाट्टेल तसं ठोकलंय.”

वहिनींनी डावं मनगट त्याच्यापुढे धरलं. “हे मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं. लिव्हर त्याच्यासाठी वाकवली होती.”

तो बघतच राहिला. “आणि फोनवर काय सांगत होतीस मला?”

“तुम्ही जे सांगत होतात, तेच.”

मग फौजी खाली बघत सांगू लागला. तिकडे एक ट्रक त्याने स्वतः तपासून, ठीक आहे म्हणून सही करून पाठवला होता. तो सुरुंगावर गेला. आतले दोघे परत आले नाहीत.

“ट्रकमध्ये काही खोट नव्हती, हे सगळे सांगतात. मलाही कळतं. पण त्यानंतर पहाऱ्यावर उभा राहिलो की मी ही स्कूटर मनातल्या मनात उघडायचो. एकेक नट काढायचा, पुसायचा, परत बसवायचा. शेवटचा नट बसला की तू मागे येऊन बसायचीस. मग जरा बरं वाटायचं. घरी आलो, तर ही तशी राहिलीच नव्हती.”

मित्रांनो, मी इतकी वर्षं समजत होते की तो गेला की मी नुसती कापडाखाली पडून असते. त्या दिवशी मला कळलं, मी तिकडेही कामावर होते.

वहिनी रडत होत्या, पण बोलल्या ठणठणीत. “मीही तशी राहिलेली नाही. मग मलाही उघडून पहिल्यासारखी जोडणार का?”

फौजी उठला. हत्यारांची पेटी ओढून घेतली आणि म्हणाला, “बस हिच्यावर. पाय कुठवर पोचतात, बघू दे.”

वहिनी बसल्या. त्याने फोम कापला. “एवढं?” “अजून थोडं.” “आता?” “हं.” लिव्हर त्याने त्यांच्या बोटांचं माप घेऊन वाकवली आणि प्रत्येक वेळी विचारलं, दुखतंय का. दांडी पुन्हा बसवली, या वेळी तिच्यावर रबर गुंडाळून. मिस्त्री तिथून जाताना थांबला आणि म्हणाला, “काय फौजी, शेवटी माझंच काम पसंत पडलं ना?” कितीतरी दिवसांनी फौजी मोठ्याने हसला. मग त्याने युनिटला फोन करून सांगितलं की पूर्ण रजा घेऊनच येतो.

चार दिवसांनी खारूचे टाके काढायला आम्ही निघालो. खारू पुढे, वहिनी चालवायला, आणि फौजी मागे. मागे बसायची त्याची ती पहिलीच वेळ. हात कुठे ठेवावेत हेच त्याला समजेना. आधी गुडघ्यांवर ठेवले, मग सीटला धरलं. मला हसू आवरेना.

बाजारपेठेच्या चौकात एका ट्रकचं टायर धडाम करून फुटलं. फौजीने वहिनींचे खांदे दोन्ही हातांनी गच्च पकडले. तो इतका थरथरत होता की माझी नंबरप्लेट वाजू लागली. वहिनींनी मला हळूच कडेला घेतलं आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकले. मला बंद केलं नाही. मागे वळून पाहिलं नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही.

“आई, का थांबलो?” खारूने विचारलं.

“बाबांना थोडं थांबायचंय.”

“बरं,” खारू म्हणाली, आणि समोरच्या दुकानातले फुगे मोजू लागली.

मागून लोक हॉर्न वाजवत होते. कोणी दोन शब्द सुनावूनही गेलं. वहिनी हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने खांद्यांवरची पकड सैल झाली आणि फौजी म्हणाला, “चल.”

आता फौजी निवृत्त झाला आहे आणि मीही. मला कोणी भंगारात दिलं नाही, रोज कोणीतरी पुसतं, याहून मला काय हवं? त्या घराची मी फार ऋणी आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही कधी कोणी लांबून, बरंच काही सोसून परत येईल. त्याच्या मागे काय काय बदललं ते त्याला दाखवा, आणि त्यालाही विचारू द्या. आणि भर रस्त्यात त्याचे हात थरथरले, तर मागचे कितीही ओरडले तरी घाई करू नका. तो “चल” म्हणेपर्यंत पाय टेकून उभे राहा.